कलावंतांची चरित्रे आणि मराठी रंगमंच : एक आढावा

ज्यांनी आयुष्यभर इतरांची सोंगे वठविली, दुसऱ्यांची पदे गाइली किंवा विठ्ठलापुढे स्वतःचे अभंग म्हटले, त्यांच्याच आयुष्याचे पुढे नाटक व्हावे आणि ते पाहून प्रेक्षकांनी 'हे घडले की रचले' असा वाद घालावा, ही गोष्ट मराठी रंगभूमीला नवी नाही. मात्र 2011 मध्ये 'बालगंधर्व' चित्रपट आला आणि त्यानंतर काशीनाथ घाणेकर, पु. ल. देशपांडे, वसंतराव देशपांडे, शाहीर साबळे, सुधीर फडके अशी एकामागून एक कलावंतांची चरित्रे पडद्यावर अवतरू लागली, तेव्हापासून या प्रश्नाला जी धार आली आहे ती पूर्वी नव्हती. पैसा आणि तंत्र यांच्या बळावर चित्रपटाने हा प्रांत व्यापल्यावर नाटकाला तेथे काय करावयाचे उरले, याचा हिशेब मांडणे आता अगत्याचे झाले आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहातून मांडण्यापेक्षा धाराशिव जिल्ह्यातून मांडला तर त्यातील काही रकमा अधिक स्पष्ट वाचता येतील, अशी प्रस्तुत लेखकाची समजूत आहे. तेरचे गोरोबाकाका याच जिल्ह्याचे. मंगळवेढ्याची कान्होपात्रा, सोलापूरचा शाहीर राम जोशी आणि बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख ही मंडळी शेजारच्या जिल्ह्यातली. म्हणजे ज्यांच्या चरित्रांची आख्याने, नाटके आणि चित्रपट झाले किंवा व्हावेत, अशांची येथे वाण नाही. जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली 97 वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन एप्रिल 2017 मध्ये धाराशिव शहरी भरले होते, हेही येथे नमूद करावे.

पूर्वपीठिका

या प्रकाराचे मूळ नाटकात नसून कीर्तनात आहे. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण करावे आणि उत्तररंगात एखाद्या भक्ताचे आख्यान लावावे, ही नारदीय कीर्तनाची वहिवाट. आणि ज्या भक्ताचे आख्यान लावावयाचे तो बहुधा स्वतः कवी असल्यामुळे, कवीचे चरित्र सांगता सांगता मध्येच त्याचीच रचना गाण्याची मुभा कीर्तनकाराला आपोआप मिळे. आज ज्याला आपण संगीतमय चरित्रनाट्य म्हणतो त्याचा सांगाडा हाच आहे. या आख्यानांना मजकूर पुरविला तो ताहराबादच्या महिपतीने. त्याचा 'भक्तविजय' 1762 मधला आणि 'भक्तलीलामृत' 1774 मधले. पुढे संतांवर ज्या नाटककारांनी आणि चित्रपटकारांनी लिहिले, त्यांतील फार थोड्यांना महिपतीच्या ऋणातून मुक्त होता आले, आणि त्यांच्या गुणांप्रमाणेच दोषांचे मूळही पुष्कळदा तेथेच सापडते. तुळजापूरच्या परिसरातील गोंधळाचाही येथे विचार केला पाहिजे. संबळ आणि तुणतुणे यांच्या साथीवर मुख्य गोंधळी आख्यान सांगतो आणि त्याचा साथीदार अडवून, थट्टा करून, शंका काढून ते पुढे नेतो. चरित्र सांगणारा आणि त्याच्यावर अविश्वास दाखविणारा असे दोघे एकाच वेळी उभे करण्याची ही युक्ती आधुनिक नाटककारांना फार उशिरा सुचली.

संगीत रंगभूमीने हा वारसा उचलला तो प्रामुख्याने संतचरित्रांच्या द्वारे. नारायण विनायक कुलकर्णी यांचे 'संत कान्होपात्रा' 1931 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मास्तर कृष्णरावांच्या चाली होत्या आणि कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व होते. गणिकेच्या पोटी जन्मलेली, नाचगाण्याचे शिक्षण घेतलेली, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आल्यावर विठ्ठलाच्या पायी देह ठेवणारी ही कवयित्री म्हणजे कलावंताच्या चरित्रावर रचलेल्या मराठी नाटकाचा अव्वल नमुना होय, आणि तिची भूमिका करणारा नट पुढे स्वतःच कादंबरीचा व चित्रपटाचा विषय झाला, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. पाच वर्षांनी प्रभातचा 'संत तुकाराम' आला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इतका लोकमान्य ठरला की नंतरच्या प्रत्येक तुकारामाला त्यांच्याशी तुलना सोसावी लागली. शाहिरांची पाळी त्यानंतरची : 1947 चा 'लोकशाहीर राम जोशी', 1951 चा होनाजीवरील 'अमर भूपाळी', आणि रंगभूमीवर चिंतामण यशवंत मराठे यांचे 'संगीत होनाजी बाळा'. पु. ल. देशपांडे यांनीही नाट्यलेखनाचा आरंभ 1948 मध्ये 'तुका म्हणे आता' या नाटकाने, म्हणजे एका कवीच्याच चरित्राने केला होता. विद्याधर गोखले यांच्या 'पंडितराज जगन्नाथ'ने 1960 मध्ये शहाजहानच्या दरबारातील संस्कृत कवी आणि त्याची यवन प्रिया यांची दंतकथा वसंत देसाईंच्या चालींवर उभी केली.

आमच्या मुलखात या सर्व घडामोडी उशिरा आणि अर्धवट पोचल्या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, सभासंमेलनांना पूर्वपरवानगीची अट घालणारी गश्ती निशाण 53 लोकांच्या चांगली परिचयाची होती, आणि मुंबई इलाख्यातील सोलापूर व बार्शी अगदी शिवेवर असूनही येथील सार्वजनिक करमणुकीची मदार कीर्तन, गोंधळ, भारूड आणि तमाशा यांवरच राहिली. यात तोटा झाला तसा लाभही झाला. कारण चरित्र हे गाऊन सांगावयाचे असते ही समजूत येथे मोडली नाही.

चार पक्ष

आज या प्रश्नावर जे पक्ष दिसतात ते स्थूलमानाने चार आहेत, आणि प्रत्येकाच्या बाजूने सबळ दाखले आहेत.

पहिला पक्ष गौरवाचा. थोर कलावंताचे चरित्र हे समाजाचे धन आहे, ते नव्या पिढीपुढे आदराने ठेवावे, त्याच्या दोषांची उस्तवार नाटकाने करू नये आणि प्रेक्षकाला त्याच्या गाण्याचा आनंद पुन्हा द्यावा, असे हा पक्ष मानतो. विचारवंत त्याची थट्टा करतात, परंतु ती अन्यायाची आहे, कारण ज्या काळी ध्वनिमुद्रणे थोडी आणि महाग होती त्या काळी नाट्यपदांचा आणि लावणीचा ठेवा याच वृत्तीने टिकवून धरला. अशोकजी परांजपे यांचे 'गोरा कुंभार' हे नाटक घ्या : जितेंद्र अभिषेकी यांनी चाली दिलेली त्यातील पदे मूळ नाटक ज्यांनी कधी पाहिले नाही अशा लोकांच्याही तोंडी आहेत आणि दिंड्यांतून गाइली जातात.

दुसरा पक्ष सत्यशोधनाचा. चरित्र सांगावयाचे तर उपलब्ध पुराव्यांनिशी सांगावे, व्यसन, कर्ज, घरच्यांची आबाळ, जातीचा अडसर, यांतले काही झाकू नये, असा त्याचा आग्रह. याला बळ दिले ते आत्मचरित्रांनी, आणि विशेषतः स्त्रियांच्या आत्मचरित्रांनी. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' आले तेव्हा नटीच्या आयुष्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला तो नायिकेचे नाव बदलून. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आणि मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' यांनी कलावंताच्या घरातील दुसऱ्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणले. या पक्षाचा दुबळेपणा असा, की पुराव्याची निष्ठा सांभाळताना नाटक वारंवार तपशिलांची यादी होऊन बसते. कर्जाचा आकडा अचूक असतो आणि प्रवेश मात्र निर्जीव.

तिसरा पक्ष म्हणतो, नावच घेऊ नका. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' मधील खाँसाहेब आफताब हुसेन आणि कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' मधील अप्पासाहेब बेलवलकर या दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. पहिले नाटक 1967 चे, दुसरे 1970 चे. परंतु घराण्याचा अभिमान, विद्येची चोरी, वृद्ध नटाची उपेक्षा यांविषयी त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही खऱ्या नावाच्या नाटकाने त्या ताकदीने सांगितलेले नाही. महेश एलकुंचवार यांनी 'आत्मकथा' मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले : वयोवृद्ध लेखक राजाध्यक्ष तरुण अभ्यासक स्त्रीला आपले आयुष्य सांगतो आणि सांगता सांगता ते बदलत जाते, तेव्हा चरित्रातील सत्य म्हणजे काय, हाच नाटकाचा विषय होतो. या पक्षावर आक्षेप असा, की खऱ्या माणसांच्या खऱ्या उपेक्षेची नोंद अशाने होतच नाही. कल्पित नटसम्राटासाठी रडणारा प्रेक्षक आपल्याच गावातील म्हाताऱ्या तमासगिराची चौकशी करीत नाही.

चौथा पक्ष तुलनेने अलीकडचा. थोर पुरुषाला मध्यभागी न ठेवता त्याच्या कडेच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावे, असे तो म्हणतो. द. बा. मोकाशी यांच्या 'आनंदओवरी' कादंबरीवरून अतुल पेठे यांनी केलेल्या प्रयोगात किशोर कदम तुकारामाचा भाऊ कान्हा होऊन उभे राहिले. प्राजक्त देशमुख यांच्या 'संगीत देवबाभळी'त, जे 2017 मध्ये आले, तुकाराम रंगमंचावर येतच नाही; पायात काटा रुतलेली आवली आणि तिच्या सेवेला आलेली रखुमाई या दोघींच्या बोलण्यातून कवी आणि देव दोघेही कळतात, आणि संसार कोणाच्या जिवावर चालला तेही कळते. सुषमा देशपांडे यांच्या 'तिच्या आईची गोष्ट, अर्थात माझ्या आठवणींचा फड' मध्ये एका प्रसिद्ध स्त्रीऐवजी अनेक अप्रसिद्ध लावणी कलावतींचे आयुष्य एका मुखातून बोलते. भूषण कोरगावकर यांच्या पुस्तकावरून सावित्री मेधातुल यांनी रचलेल्या 'सांगीत बारी'त तर शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावती स्वतःच रंगमंचावर येतात, म्हणजे चरित्राचा विषय आणि चरित्राचा नट यांतील भेदच नाहीसा होतो. प्रस्तुत लेखकाचे मत विचारले तर मराठीतील या प्रकारच्या उत्तम कृती तिसऱ्या आणि चौथ्या पक्षाकडेच अधिक आहेत, आणि याचे कारण उघड आहे : थोर कलावंत मध्यभागी उभा राहिला की नाटककार त्याच्या कीर्तीला भिऊन लिहू लागतो.

गाणे कोणी म्हणावयाचे

यानंतरचा प्रश्न तंत्राचा वाटतो, पण तो तसा नाही. राजाची भूमिका करणाऱ्या नटाला राज्य करावे लागत नाही. गवयाची भूमिका करणाऱ्याला मात्र गावे लागते, आणि ते गाणे प्रेक्षकांच्या कानात असलेल्या मूळ आवाजाशी ताडून पाहिले जाते. चित्रपटाने यावर दोन तोडगे काढले. 'बालगंधर्व' मध्ये अभिनय सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा. 'मी वसंतराव' मध्ये नातू राहुल देशपांडे यांनीच आजोबांची भूमिका केली आणि गाणीही म्हटली. दोन्ही गायकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, म्हणजे परीक्षकांनी निवाडा केला नाही असेच समजावयाचे. रंगमंचावर पहिला मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण ध्वनिमुद्रित गळ्यावर ओठ हलविणारा नट दहाव्या रांगेतूनही ओळखू येतो.

इंग्रज नाटककार पीटर शॅफर यांच्या 1979 मधील 'अमाडियस' नाटकाने या अडचणीतून जी वाट काढली तिचा अभ्यास आपल्याकडे व्हावयास हवा. मोत्सार्टचे संगीत वाजते तेव्हा तो ते वाजवीत आहे की नाही याकडे आपले लक्षच जात नाही. आपण त्याचा प्रतिस्पर्धी सालिएरी ते ऐकताना कसा पोळला जातो ते पाहत असतो. सालिएरीने विषप्रयोग केल्याची अफवा इतिहासाला मान्य नाही, पुश्किनने 1830 मध्ये तिच्यावर नाटिका लिहिली होती, आणि शॅफरने ती जाणूनबुजून वापरली; यास्तव सत्यशोधनाचा पक्ष त्याला दोषी ठरवील. तथापि कलावंत दाखविण्यासाठी श्रोता दाखवावा, ही त्याची क्लृप्ती अस्सल नाट्याची आहे. दारव्हेकरांनी ती बारा वर्षे आधी वापरली होती हे मात्र सांगितले पाहिजे, कारण 'कट्यार' मध्ये सदाशिव चोरून ऐकतो त्यातच नाटक आहे.

चित्रकारांची गोष्ट निराळी. मराठी रंगमंचावर कवी, शाहीर, नट आणि गवई यांची रेलचेल असून चित्रकार व शिल्पकार क्वचितच दिसतात. कारण चित्र काढण्याची क्रिया संथ आहे आणि झालेले चित्र प्रेक्षकाला दुरून दिसत नाही. अमेरिकन नाटककार जॉन लोगन यांनी 'रेड' मध्ये रॉथको या चित्रकाराला मदतनिसाच्या साहाय्याने एक भला मोठा कॅनव्हास प्रेक्षकांदेखत लाल रंगाने माखावयास लावले आणि श्रम हेच दृश्य केले.

नेमक्या याच कारणासाठी आमचे गोरोबा मला येथे आठवतात. ते कवी होते, पण उपजीविकेने मातीचे कारागीर होते. तेरणेच्या काठी तेर येथे त्यांची समाधी आहे, आणि त्याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती मांडलेल्या आहेत. म्हणजे या भूमीत मातीकामाची परंपरा गोरोबांच्याही आधी हजार वर्षांहून जुनी आहे. असे असता त्यांच्या आख्यानांत चिखल येतो तो मूल तुडविले जाण्यापुरता, हात येतात ते तुटण्यापुरते आणि पुन्हा फुटण्यापुरते, आणि मडके येते ते नामदेवाच्या डोक्यावर थापटणे मारून त्याला कच्चा ठरविण्यापुरते. कन्नडमध्ये 1974 साली राजकुमार यांनी 'भक्त कुंबार' मध्ये हीच भूमिका केली, आणि तेथेही कळस चमत्काराचाच. चमत्कार नाटकाला वर्ज्य असावा असे मी म्हणत नाही. परंतु चाकावर गोळा ठेवून मान काढणारा हात आणि अभंगाची ओळ जुळविणारे मन एकाच माणसाचे होते, हा या चरित्राचा गाभा आख्यानांच्या परंपरेने दुर्लक्षिला आहे, आणि महिपतीचे ऋण ते हेच.

सत्य, वारस आणि कायदा

आता विवादाच्या त्या भागाकडे वळू, जेथे नाटककाराला वकिलाची गरज लागते. मृत कलावंताच्या चरित्रावर त्याच्या वारसांचा हक्क किती, याविषयी कायदा पूर्णपणे निःसंदिग्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारलेले लेखन संबंधित व्यक्तीच्या संमतीवाचूनही करता येईल असे सांगितले. उलटपक्षी, मृत व्यक्तीविषयीच्या ज्या विधानाने ती जिवंत असती तर तिची अब्रू गेली असती आणि ज्याने तिच्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा हेतू आहे, ते विधान अब्रुनुकसानी ठरू शकते, हे जुन्या दंडसंहितेतील स्पष्टीकरण नव्या संहितेतही कायम आहे. यांशिवाय नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. या तिहेरी चौकटीत लिहिणारा लेखक स्वाभाविकच गौरवाच्या पक्षाकडे सरकतो, आणि पुष्कळ वेळा आपण ज्याला आदर समजतो तो केवळ सावधपणा असतो.

चालींचा हक्क हा निराळा विषय आहे आणि हौशी मंडळांना तो ठाऊक असणे हिताचे आहे. संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. गोविंदराव टेंबे 1955 मध्ये वारले, तेव्हा 'मानापमान'च्या त्यांच्या चाली 2016 पासून खुल्या झाल्या. मास्तर कृष्णराव 1974 मध्ये गेले, तेव्हा 'कान्होपात्रा'च्या चाली 2034 अखेरपर्यंत राखीव आहेत. बालगंधर्वांवर नाटक करणाऱ्याला म्हणजे एक पद फुकट आणि दुसरे परवानगीने, असा हा मामला आहे.

सत्याचा प्रश्न कायद्यापेक्षा अवघड आहे. बालगंधर्वांच्या चरित्रात दोन ठिकाणी तो उभा राहतो. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, 12 मार्च 1911 रोजी, त्यांची मुलगी वारली असता त्यांनी प्रयोग केला, ही घटना प्रत्येक चरित्रात येते, आणि त्यागाचे उदाहरण म्हणूनच येते. त्या दिवशी घरातील आईवर काय गुदरले, हे विचारणारा प्रवेश कोणी लिहीत नाही. दुसरे ठिकाण त्यांच्या उत्तरायुष्यातील सहचारिणी, गायिका गोहरबाई कर्नाटकी यांचे. त्यांनी गंधर्वांना सावरले की बुडविले, यावर त्या काळच्या आठवणी परस्परविरुद्ध साक्ष देतात, आणि साक्षीदारांचे पूर्वग्रह, ज्यांत धर्माचा आणि स्त्रीच्या गाण्याविषयीच्या तुच्छतेचाही भाग आहे, वजा केल्यावर हाती निश्चित असे थोडेच राहते. अशा वेळी नाटककाराने दोन्ही साक्षी रंगमंचावर आणाव्यात, हा मार्ग मला इष्ट वाटतो; गोंधळातील शंका काढणारा साथीदार येथे उपयोगी पडावा.

जे अनिर्णित आहे

तीन प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. हयात कलावंताचे नाटक करावे काय, हा एक. 'सांगीत बारी'ने त्याचे होकारार्थी उत्तर दिले, परंतु तेथे कलावती स्वतः सहभागी होत्या, आणि त्या नसत्या तर ते उत्तर कसे ठरले असते हे सांगता येत नाही. संतकवीला कलावंत म्हणून पाहणे भाविकांना रुचेल काय, हा दुसरा. 'देवबाभळी'ला मिळालेला आश्रय आशादायक असला तरी तेर किंवा देहू येथील उत्सवात तेच नाटक नाट्यगृहातल्याप्रमाणेच स्वीकारले जाईल असे गृहीत धरता येणार नाही. आणि तिसरा, जातीचा. शाहीर पठ्ठे बापूराव ब्राह्मण होते आणि तमाशा कलावती पवळा महार होती. दोघांनी मिळून फड गाजविला, पण 1950 च्या चित्रपटाला नाव मिळाले ते बापूरावांचे. फडावरील कीर्तीची वाटणी चरित्रलेखनातही तशीच होत राहावी काय, याचे उत्तर केवळ नाट्यशास्त्रातून मिळणार नाही. अमर शेख यांच्यासारख्या शाहिरावर उद्या कोणी नाटक लिहील, तेव्हा महबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव, कामगार चळवळ आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांपैकी काय पुढे येते आणि काय मागे राहते, यावरून या वादाची प्रगती मोजता येईल.

आपल्या जिल्ह्यातील हौशी मंडळांना, राज्य नाट्यस्पर्धेसाठी लिहिणाऱ्यांना आणि गणेशोत्सवात प्रयोग करणाऱ्या तरुणांना एक व्यवहार्य विनंती करून हा आढावा संपवितो. कलावंताच्या चरित्रावर नाटक लिहाल तेव्हा संहितेच्या आरंभी अर्ध्या पानात लिहून ठेवा की कोणते प्रसंग लिखित पुराव्यावरून घेतले, कोणते ऐकीव आहेत आणि कोणते तुमचे स्वतःचे. आणि त्या संहितेची एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात दाखल करा.